टक्के शून्य, सरासरी भलतीच: पूर्णांकांचा भागाकार आणि ऑपरेटरांचा क्रम

प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो, कुठेही एरर येत नाही, आणि छापलेलं उत्तर मात्र साफ चुकीचं असतं. प्रोग्रॅमिंग शिकायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त वेळ खाणारी तक्रार हीच. एरर आली तर निदान ओळीचा क्रमांक तरी मिळतो. इथे कोणत्या ओळीकडे बघायचं हेच कळत नाही. आणि एकदा सुटली तरी ती पुढच्या प्रोग्रॅममध्ये वेगळ्या रूपात परत येते, कारण बहुतेक वेळा ओळ दुरुस्त झालेली असते, पण चुकीमागचं कारण समजलेलं नसतं.

(भाषांमधले शब्द आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते त्या त्या भाषेतल्या नेहमीच्या रूपात लिहा.)

नेहमीचा नमुना असा (इंट हा पूर्णांकाचा टाइप, डबल हा दशांश संख्येचा):

```
इंट मिळालेले = ४२३;
इंट पैकी = ५००;
डबल टक्के = मिळालेले / पैकी * १००;
```

अपेक्षा ८४.६ ची. सी, सी++ किंवा जावामध्ये छापलं जातं ०. मग सुरू होतात ते उपाय सगळ्यांना माहीत आहेत: टक्केचा टाइप फ्लोटवरून डबल करून बघणं, छापायचा फॉरमॅट बदलणं, दशांशानंतरची घरं वाढवणं. यातल्या कशानेच फरक पडत नाही, कारण छापायची वेळ येण्याच्या कितीतरी आधी ती किंमत शून्य होऊन बसलेली असते.

## मूळ कारण

कोणताही ऑपरेटर फक्त आपल्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोन किमतींकडे बघतो. उत्तर पुढे कोणत्या व्हेरिएबलमध्ये जाणार आहे, ओळीत पलीकडे काय लिहिलं आहे, याच्याशी त्याला काहीही देणंघेणं नसतं. दोन्ही बाजूंना पूर्णांक असतील तर सी, सी++, जावा, सी शार्प, गो या भाषांत भागाकाराचं उत्तरही पूर्णांकच येतं आणि दशांश भाग टाकून दिला जातो. तो जवळच्या पूर्णांकात बदलला जात नाही, नुसता कापला जातो. म्हणजे ९९९ भागिले १००० चं उत्तरसुद्धा ०.

आता वरची ओळ यंत्र जशी करतं तशी, एकेक पायरीने वाचू:

```
मिळालेले / पैकी     →  ४२३ / ५००   दोन्ही इंट   →  ०     (इंट)
० * १००             →              दोन्ही इंट   →  ०     (इंट)
टक्के = ०           →  इंटचं डबल होतं           →  ०.०
```

डबल शेवटच्या पायरीला आला. तोवर भागाकार उरकला होता आणि ०.८४६ कधी अस्तित्वातच आलं नव्हतं. डाव्या बाजूला डबल लिहिल्याने उजव्या बाजूचं गणित डबलमध्ये होत नाही, ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की या लेखातल्या निम्म्याहून अधिक अडचणी आपोआप सुटतात.

म्हणून अशा ओळीला दोन प्रश्न विचारायचे आणि ते याच क्रमाने विचारायचे. आधी कोणत्या दोन किमती एकमेकींना भेटतात? आणि भेटतात त्या क्षणी त्यांचा टाइप काय असतो? पहिला प्रश्न ऑपरेटरांच्या प्राधान्यक्रमाचा, दुसरा पूर्णांकी गणिताचा. पुस्तकांत ही दोन प्रकरणं वेगवेगळी असतात, पण बग जवळजवळ नेहमी त्या दोघांच्या सांध्यावर सापडतो.

## दुरुस्ती, आणि दुरुस्तीसारखं दिसणारं काहीतरी

हे चालतं:

```
टक्के = (डबल) मिळालेले / पैकी * १००;
```

किमतीआधी कंसात टाइप लिहून ती त्या टाइपमध्ये बदलणं म्हणजे कास्ट, आणि कास्टचं प्राधान्य भागाकारापेक्षा वरचं आहे. त्यामुळे आधी मिळालेले डबल होतं, मग डबल भागिले इंट असा भागाकार होतो. एक बाजू डबल असली की दुसरीही डबलमध्ये बदलून घेतली जाते. उत्तर ८४.६.

हे चालत नाही:

```
टक्के = (डबल) (मिळालेले / पैकी) * १००;
```

इथे कंसाने भागाकार आधी करायला लावला. शून्य आलं, आणि मग त्या शून्याचं डबल झालं. “कास्ट केलंय तरी शून्यच येतंय” अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हा कंस शोधायला सांगतो, आणि बहुतेक वेळा तो तिथे असतो.

त्याहून फसवा प्रकार १०० च्या जागी १००.० लिहिण्याचा. हा उपाय कुणीतरी सांगितलेला असतो, आणि तो अर्धवट बरोबर असतो:

```
मिळालेले / पैकी * १००.०     →  ० * १००.०       →  ०.०
१००.० * मिळालेले / पैकी     →  ४२३००.० / ५००   →  ८४.६
```

दोन्ही ओळींत तीच तीन पदं, तेच दोन ऑपरेटर, तोच दशांश अंक. फरक फक्त तो दशांश अंक भागाकाराच्या आधी भेटला की नंतर, एवढाच. पहिल्या ओळीत तो पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. “कुठेतरी .० टाका” असा सल्ला देणाऱ्यांनी “कुठे टाका” हे सांगायलाच हवं.

तिसरा मार्ग म्हणजे आधी गुणून मग भागणं: `मिळालेले * १०० / पैकी`. पूर्णांकातच राहायचं असेल तर हा चांगला आहे. उत्तर ८४ येतं, ०.६ गळतं. मात्र ३२ बिटांच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात, त्यामुळे मिळालेले २१४७४८३६ च्या वर गेलं की १०० ने गुणतानाच आकडा ओसंडतो. गुणांसाठी ही मर्यादा कधी आड येणार नाही. फाइलचे बाइट मोजून “किती टक्के डाउनलोड झालं” दाखवत असाल तर नक्की येईल.

## हाच बग, वेगळी रूपं

सूत्र पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलं की हा बग हमखास येतो.

फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना `५ / ९ * (फ - ३२)` लिहिलं तर फ काहीही असो, उत्तर ०. कारण ५ / ९ इथेच शून्य झालं. उलट दिशेला `९ / ५ * से + ३२` मध्ये ९ / ५ चं उत्तर १, म्हणून १०० अंश सेल्सिअसला २१२ ऐवजी १३२ येतात. इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. तपासायला बहुतेक जण सर्वांत सोपा आकडा घेतात. पहिल्या सूत्रात ३२ टाकला की ० येतो, बरोबर. दुसऱ्यात ० टाकला की ३२ येतात, तेही बरोबर. पाणी गोठण्याच्या तापमानाला दोन्ही चुकीची सूत्रं निर्दोष दिसतात, आणि प्रोग्रॅम “तपासून झाला” म्हणून पुढे जातो.

त्रिकोणाचं क्षेत्रफळ `१ / २ * पाया * उंची`: नेहमी शून्य. `०.५ * पाया * उंची` लिहा, किंवा `पाया * उंची / २.०`.

घनमुळासाठी सीमध्ये `पॉव(क्ष, १ / ३)`: उत्तर नेहमी १. घातांक शून्य झाला, आणि कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १. हा सापडायला वेळ लागतो, कारण शून्य दिसलं की भागाकाराचा संशय येतो, १ दिसलं की येत नाही. `१.० / ३` लिहिलं की काम झालं. सी आणि सी++ मध्ये घनमुळासाठी वेगळं फंक्शनही आहे, जमलं तर तेच वापरा.

सरासरीचं `बेरीज / संख्या` हे तर रोजचं. इथे चुकीचं उत्तर खऱ्या उत्तराच्या इतकं जवळ असतं की लक्षातच येत नाही. ८३.६७ ऐवजी ८३ दिसलं तर कोण शंका घेणार?

## कंचेभागुबेव कुठे दगा देतं

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम आपण पाठ केलेला असतो. प्रोग्रॅमिंगमध्ये तो बराचसा उपयोगी पडतो, पण शब्दशः घेतला तर दोन ठिकाणी चुकवतो. अक्षरांवरून वाटतं की भागाकार गुणाकाराच्या आधी आणि बेरीज वजाबाकीच्या आधी. तसं नाही. भागाकार, गुणाकार आणि बाकी काढायचं % चिन्ह हे तिघे एकाच पायरीवर आहेत. बेरीज-वजाबाकी त्यांच्या खालच्या एका पायरीवर. एका पायरीवरचे ऑपरेटर डावीकडून उजवीकडे होतात.

```
१० - ३ + २     →  ९    (५ नाही)
१०० / १० * २   →  २०   (५ नाही)
```

दुसऱ्या ओळीतूनच वर्गसमीकरणाचा प्रसिद्ध बग जन्मतो. वहीत आडव्या रेषेखाली २अ लिहितो. ती रेषा कंसाचं काम करते. कीबोर्डवर रेषा नाही, म्हणून लोक लिहितात (मूळ म्हणजे सूत्रातलं वर्गमूळ):

```
(-ब + मूळ) / २ * अ
```

याचा अर्थ २ ने भागा आणि मग अ ने गुणा असा होतो. क्ष² − ५क्ष + ६ ला हे बरोबर ३ देतं, कारण अ आहे १, आणि १ ने गुणलं काय, भागलं काय, सारखंच. तेच समीकरण दुप्पट करून २क्ष² − १०क्ष + १२ घ्या. मुळं तीच राहायला हवीत. इथे मूळ = २, अंश = १२, आणि प्रोग्रॅम सांगतो १२ / २ * २ = १२. खरं उत्तर ३. `/ (२ * अ)` असं कंसात लिहा. पुस्तकातली जवळपास सगळी पहिली उदाहरणं अ = १ चीच असतात, म्हणून हा बग आठवडेच्या आठवडे लपून राहू शकतो.

तीच गत `अ + ब + क / ३` ची. ७०, ८०, ९० ची “सरासरी” १८० येते. निदान ती इतकी मोठी आहे की लगेच खटकते.

घाताचं चिन्ह ही वेगळी डोकेदुखी. एक्सेलमध्ये ^ म्हणजे घात. सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या सगळ्यांत ते बिटांवर चालणारं एक्स-ऑर आहे, म्हणून `५ ^ २` चं उत्तर २५ नाही, ७. एरर येत नाही, कारण भाषेच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये घातासाठी `**` आहे. तो उजवीकडून डावीकडे होतो, त्यामुळे `२ ** ३ ** २` म्हणजे २ चा नववा घात, ५१२. आणि `-२ ** २` पायथनमध्ये -४ होतं, कारण घात ऋणचिन्हाच्या आधी होतो. एक्सेलमध्ये =-२^२ लिहिलं तर ४ येतात. जावास्क्रिप्ट या वादात पडतच नाही. तिथे कंसाशिवाय असं लिहिलं तर सरळ सिंटॅक्स एरर मिळते, आणि मला तो निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

## तुलना आणि अटी

`० < क्ष < १००` पायथनमध्ये गणितासारखंच चालतं. सीमध्ये आधी `० < क्ष` होतं, त्याचं उत्तर ० किंवा १, आणि मग ते ० किंवा १ शंभरापेक्षा लहान आहे का हे तपासलं जातं. ते नेहमीच असतं. म्हणजे अट कायम खरी. `० < क्ष && क्ष < १००` लिहावं लागतं (&& म्हणजे “आणि”). जावा तिथेच थांबवते, कारण तिला खरं-खोटं आणि संख्या यांची तुलना मान्य नाही.

शेवटचा बिट तपासताना सीमध्ये (एकेरी & हे बिटांवर चालणारं “आणि”) `क्ष & १ == ०` लिहिलं तर == आधी होतं. १ == ० खोटं, म्हणजे ०, मग क्ष & ०, म्हणजे पुन्हा ०. अट कायम खोटी. कंस हवा: `(क्ष & १) == ०`. हा क्रम असा विचित्र का आहे, याचं उत्तर सीचे जनक डेनिस रिची यांनी स्वतः १९९३ मध्ये लिहून ठेवलं आहे. सीच्या आधीच्या बी भाषेत && नव्हतं. अटी जोडायला & हेच चिन्ह वापरलं जाई, आणि त्यासाठी == आधी होणं सोयीचं होतं. पुढे && आलं तरी जुना कोड मोडू नये म्हणून & जागचं हललं नाही. ते हलवायला हवं होतं असं मत रिचींनी मोकळेपणाने नोंदवलं आहे. पायथन आणि गो यांनी ते हलवलं. म्हणजे हा क्रम कुठल्या गणिती नियमातून आलेला नाही, इतिहासातून आला आहे. तो तर्काने काढता येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कंस घाला.

नकाराचंही तसंच. सीमध्ये `!अ == ब` म्हणजे आधी अ चा नकार, मग तुलना. पायथनमध्ये `नॉट अ == ब` म्हणजे आधी तुलना, मग नकार. एका भाषेतून दुसरीत कोड नेताना हे हमखास निसटतं.

पायथन शिकणाऱ्यांचा आणखी एक: `जर उत्तर == "हो" ऑर "होय"`. हे `(उत्तर == "हो") ऑर "होय"` असं वाचलं जातं, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग खरी धरली जाते. अट कधीच खोटी होत नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण तुलना लिहा.

## पायथन आणि इतर भाषांत / चं काय होतं

इंटरनेटवरचं जुनं उदाहरण चालवून वेगळं उत्तर येत असेल तर आवृत्ती बघा. पायथन २ मध्ये ५ / २ चं उत्तर २ होतं. हे बदलायचा प्रस्ताव २००१ चा, आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून / म्हणजे खरा भागाकार, २.५. पूर्णांकी भागाकाराला वेगळं चिन्ह: //. पास्कलमध्ये हा भेद १९७० पासूनच होता, / एक आणि डिव्ह दुसरं. दोन वेगळ्या क्रियांना दोन वेगळी चिन्हं, हीच नवशिक्यांसाठी न्याय्य रचना आहे असं मला वाटतं.

जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्या सगळ्या डबलच असतात, म्हणून ५ / २ = २.५. डेटाबेसवर काम करताना मात्र जपा: पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्ये १ / २ चं उत्तर ०, मायएसक्यूएलमध्ये ०.५.

पायथन ३ मध्ये उलटी तक्रार येते. यादीतला मधला घटक काढायला लांबी / २ लिहिलं की टाइप एरर, कारण लांबी ६ असली तरी उत्तर ३ नसून ३.० असतं, आणि यादीचा क्रमांक पूर्णांकच लागतो. तिथे // वापरा.

## ऋण संख्या

-७ भागिले २: सी आणि जावामध्ये -३, पायथनच्या // ने -४. सी-जावा शून्याच्या दिशेने कापतात, पायथन खालच्या पूर्णांकाकडे जातं. बाकीही त्यानुसार बदलते: सी-जावामध्ये -७ % २ = -१, पायथनमध्ये १. दोन्ही आपापल्या जागी सुसंगत आहेत. भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी केलं की दोन्हीकडे -७ च मिळतात. (सीमध्ये शून्याकडे कापणं १९९९ च्या मानकापासून बंधनकारक झालं. त्याआधी ते कंपायलरवर सोडलेलं होतं.)

परिणाम असा की `न % २ == १` ही विषम संख्येची तपासणी जावामध्ये -७ ला “विषम नाही” म्हणते. `न % २ != ०` लिहा, ते सगळीकडे चालतं. वारांना ० ते ६ क्रमांक दिले आणि तीन दिवस मागचा वार काढायला `(वार - ३) % ७` लिहिलं, तर वार १ असताना जावा -२ देते आणि अ‍ॅरेचा क्रमांक म्हणून तो वापरला की प्रोग्रॅम कोसळतो. `((वार - ३) % ७ + ७) % ७` ने ५ येतो.

## मोठे आकडे अचानक ऋण झाले तर

```
लाँग मिलिसेकंद = ३० * २४ * ६० * ६० * १०००;
```

जावामध्ये हे -१७०२९६७२९६ छापतं. पहिल्याच उदाहरणाचं हे भावंड. डावीकडे लाँग (इंटपेक्षा मोठा पूर्णांकाचा टाइप) आहे, पण उजवीकडचे सगळे आकडे इंट, म्हणून गुणाकार इंटमध्येच झाला, ओसंडला, आणि बिघडलेली किंमत लाँगमध्ये नेऊन ठेवली गेली. २४ दिवसांपर्यंत हीच ओळ अगदी बरोबर चालते, २५ व्या दिवसाला उलटते. उपाय तोच: पहिली भेट होण्याआधी टाइप बदला. पहिल्या आकड्याला एल लावून ३०एल लिहा, म्हणजे पुढचे सगळे गुणाकार लाँगमध्ये होतील. तो एल शेवटच्या १००० ला लावला तर इथे निभावतं, कारण त्याआधीचा गुणाकार २५९२००० एवढाच असतो, पण आकडे बदलले की पुन्हा फसाल. सीमध्ये चिन्हासहित इंट ओसंडला तर काय व्हावं हे भाषा ठरवतच नाही, त्यामुळे तिथे “माझ्या मशीनवर चालतं” याला काही अर्थ नाही. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही.

दोन क्रमांकांचा मध्य काढणारं `(खालचा + वरचा) / २` हेही असंच बेरजेत ओसंडू शकतं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये ही चूक वर्षानुवर्षं होती. तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीरपणे समजावून सांगितली. `खालचा + (वरचा - खालचा) / २` लिहिलं की प्रश्न मिटतो.

## अजूनही सापडत नसेल तर

ती ओळ मोडा. प्रत्येक ओळीत एकच ऑपरेटर राहील असं लिहा, आणि प्रत्येक पायरीची किंमत छापा:

```
पायरी१ = मिळालेले / पैकी
पायरी२ = पायरी१ * १००
```

पायथनमध्ये किमतीबरोबर तिचा टाइपही छापा. इनपुटने घेतलेली संख्या पूर्णांकात बदलायची राहिली असेल तर तीही इथेच उघडी पडते, कारण स्ट्रिंग “५” गुणिले ३ चं उत्तर “५५५” येतं. जावामध्ये छापतानाच एक सापळा आहे: `"बेरीज: " + २ + ३` हे डावीकडून जोडलं जातं आणि “बेरीज: २३” दिसतं. बेरीज कंसात घाला, नाहीतर बग शोधायला लिहिलेली ओळच दिशाभूल करेल. सीमध्ये छापायचा फॉरमॅट टाइपशी जुळतो आहे ना, तेही बघा. डबल किंमत पूर्णांकाच्या फॉरमॅटने छापली तर गणित बरोबर असूनही कचरा दिसतो.

तपासायला असे आकडे घ्या जे चूक लपवणार नाहीत. १०० पैकी १०० नको, ७ पैकी ३ घ्या. अ = १ नको, ३ घ्या. एक ऋण संख्या घ्या. एक अशी घ्या की गुणाकार दोन अब्जांच्या वर जाईल. शून्य, एक आणि निःशेष भाग जाणारे आकडे चुकीच्या सूत्रालाही बरोबर ठरवतात, हे तापमानाच्या उदाहरणात दिसलंच.

कंपायलरच्या सूचना चालू ठेवा. जीसीसी या सीच्या कंपायलरला डब्ल्यू-ऑल हा पर्याय दिला की `० < क्ष < १००` आणि `क्ष & १ == ०` या दोन्हींवर ते इशारा देतं. १ / २ वर मात्र ते काही बोलत नाही, कारण पूर्णांकी भागाकार हा चूक नसून अनेकदा हवाच असतो. ३७२५ सेकंदांचे तास, मिनिटं, सेकंद काढताना `३७२५ / ३६००` चा १, `३७२५ % ३६०० / ६०` चे २ आणि `३७२५ % ६०` चे ५ त्याच्याशिवाय इतक्या सरळ मिळाले नसते.

आणि सगळं डबलमध्ये करूनही एखाद-दुसऱ्याने आकडा कमी येत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. पायथनमध्ये `इंट(०.२९ * १००)` चं उत्तर २८ येतं. ०.२९ बायनरीमध्ये नेमका मांडता येत नाही, गुणाकार २८.९९९९९९९९९९९९९९६ होतो, आणि इंट तो कापतं. इथे कंस किंवा कास्ट हलवून काही होणार नाही. कापण्याऐवजी राउंड वापरा, किंवा मोजमाप सुरुवातीपासून लहान एककात, पूर्णांकातच ठेवा: मीटरऐवजी सेंटिमीटर, सेकंदाऐवजी मिलिसेकंद. दशांश चिन्ह फक्त छापताना लावा.